प्लाऊ, स्नो, एक नग

माझ्या मोठ्या भावाच्या, हेमराजच्या, उजव्या हाताची दोन बोटं मी बर्फ ढकलायच्या नांगरात कापली. मे महिन्यात, सकाळी अकरा वीसला, आमच्या अंगणात, सत्तेचाळीस डिग्रीत.

असं काही झालेलं नाही.

झालं ते एवढंच, की गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ बर्फगोळ्याच्या गाडीपाशी थांबलो. सप्टेंबरचं ऊन होतं, म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राचं एप्रिलचं. गोळेवाला लाकडी रंध्यावर लादी घासत होता, खाली किस पडत होता, आवाज येत होता कर्र कर्र, आणि मी त्या आवाजाकडे लक्ष न देता गार वाटून घेत होतो. मग लादी संपत आली. उरला तो ठोकळा, जो धड धरता येत नाही आणि टाकवतही नाही. तो त्यानं फडक्यात धरला आणि पात्यावर दाबला, आणि ‘कट्’ असा आवाज झाला. मोठा नाही. अडकित्त्यात सुपारी तुटते तेवढा. माझी पाठ कंबरेपासून मानेपर्यंत गार पडली, एका पैशाचा गोळा न खाता. “कोनता टाकू भाऊ?” त्यानं विचारलं. मी त्याची बोटं मोजत होतो. म्हणालो, “दहा.” “दहा गोळे?” “नाई. एकच.” त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग उन्हाकडे पाहिलं, आणि उन्हाला दोष देऊन लाल रंग ओतला. तो किसातून झिरपत माझ्या मनगटावर आला, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून फुटपाथवर, आणि मी हात तसाच लांब धरून उभा राहिलो. गोळा माझ्या हातातून नाहीसा झाला तोवर सुट्टी संपली होती. मागून एक बाई म्हणाल्या, “पोट्ट्याले ऊन लागलं वाटते.” मी मान हलवली. ऊन लागणं हे चंद्रपुरात कुठल्याही गोष्टीचं कारण म्हणून चालतं.

मी अर्ज टाइप करतो. कचेरीसमोर एका गाळ्यात इंदुताईंचं केंद्र आहे, तिथं दोन कॉम्प्युटर आहेत, त्यातल्या चालू कॉम्प्युटरवर मी असतो. माझं नाव अजय, म्हणजे ज्याला कुणी जिंकू शकत नाही असा. घरात मला जिंकू न शकलेला माणूस अजून सापडायचा आहे. माझ्याकडे येणारे लोक बहुतेक अंगावर काहीतरी घेऊन येतात. वाघ, रानडुक्कर, साप, वीज, थ्रेशर. प्रत्येकाच्या भरपाईच्या अर्जाचा नमुना तयार आहे. वाघाच्या नमुन्यात नुसतं नाव, गाव, तारीख आणि शरीराचा भाग बदलायचा. एकदा एक म्हातारा रडत होता आणि मी त्याला विचारत होतो, “उजवा का डावा?”, कारण तिथं रकाना होता. इंदुताई म्हणतात, “अजय, तुले मन हाय का नाई बे?” मी म्हणतो, ताई, रकाना नाही. लोक हसतात. म्हातारासुद्धा हसला होता, नाक पुसत. माझी ही कला जुनी आहे आणि ती कशी आली ते मला नक्की माहीत आहे. आमच्या घरात मार वरून खाली यायचा. बाबा हेमराजला मारायचे, ट्रॅक्टरच्या जुन्या फॅन बेल्टनं, पोटरीवर, जिथं लागल्यावर माणूस उड्या मारतो. हेमराज मग बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, नेऊन मला मारायचा. धानाच्या चिखलात माझं डोकं दाबून तो मोजायचा, आणि मला अजूनही आठवतं, चिखलाच्या आत आवाज लांबून येतो, सात, आठ, नऊ, जणू दुसऱ्याच गावात कुणी पाढे म्हणतंय. माझ्याखाली कुणी नव्हतं. कुत्रा होता, तो चावायचा. म्हणून मी विनोद करू लागलो. चिखलातून डोकं वर आल्यावर मी हेमराजला म्हणालो होतो, “दहाच्या पुढं येत नाई का तुले?” त्यावर त्यानं दहाच्या पुढं मोजून दाखवलं. पण त्या दिवशी मला कळलं की माझ्याकडेही एक फॅन बेल्ट आहे, फक्त तो दिसत नाही.

बाबांचं नावच दादाजी आहे. पाळण्यातही ते दादाजी होते. ट्रॅक्टर, त्याला पुढं लोडर, म्हणजे दोन लोखंडी हात आणि त्यांना माती उचलायचा डबा, आणि बारा बांध्या धान, एवढ्यावर त्यांचं राज्य. यंदा त्यांच्या मनात आलं की नवा नांगर पाहिजे, आणि तो भंगारातलाच पाहिजे, कारण त्यांच्या मते जुन्या लोखंडात दम असतो. माजरीकडे एका कबाड्याच्या यार्डात लिलाव होता. त्याची यादी मला फोनवर आली, ती मी वाचून दाखवायची होती. पंप, गंजलेला, तीन नग. साखळी, वजनावर. आणि मग सव्वीस नंबरला: प्लाऊ, स्नो, हेवी ड्यूटी, एक नग. कुठल्यातरी बर्फाच्या डोंगरातल्या रस्त्यावरून ते भंगार निघालं असणार, वितळायला कुठंतरी चाललं असणार, आणि वाटेत कंटाळून आमच्याकडे उतरलं असणार. “प्लाऊ म्हन्जे नांगरच ना?” बाबांनी विचारलं. “नांगरच.” “आन स्नो म्हन्जे?” मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या दुकानात स्नो-पावडरचे डबे होते, त्यावर एक गोरी बाई हसत होती. मी म्हणालो, “कंपनीचं नाव असंल बा.” बाबा म्हणाले, “मोठी कंपनी हाय. तोंडाले लावाचं पन बनवते आन वावराले लावाचं पन.” मी फोन बाजूला धरून हसलो. सांगायचं एवढंच होतं, बा, स्नो म्हणजे बर्फ. पण ते तेव्हा सांगितलं असतं तर बाबा नुसते “हत्” म्हणाले असते आणि सत्तावीस नंबर वाचायला लागला असता. विनोदाला ठेवावं लागतं. आंबा अढीत ठेवतात तसं. मी तो अढीत ठेवला.

तो नांगर घरी आला त्याचा फोटो पुनमवहिनीनं पाठवला. हेमराजची बायको, तिला कशाचेही फोटो काढायला आवडतात. अंगणात एक पिवळं, वाकडं, माणूसभर उंच पातं आडवं पडलेलं होतं आणि त्याच्यासमोर माझी माय, कमळाबाई, सूप घेऊन उभी होती, जणू ते पाखडायचं आहे. त्याला फाळ नव्हता. जमिनीत शिरायला एक टोक नव्हतं. फोटोखाली वहिनीनं लिहिलं होतं, नवीन नांगर, आणि दोन हात जोडलेले. गावचा वेल्डर सुकलू त्याच्याभोवती तीन चकरा मारून म्हणाला होता, “दादाजीभाऊ, हा नांगर नोहे. हा तं झाडू हाय.” बाबांनी त्याच्यावर पाना फेकला. पाना सुकलूला न लागता पात्याला लागला आणि ठण्ण असा आवाज घुमला की शेजारची मीराबाई विचारायला आली, शाळा सुटली काय. त्या आवाजानं बाबांची खात्री पटली. लोखंड असं बोलतं म्हणजे असली आहे. “नांगर नाई तं केनी होईल,” ते म्हणाले. केणी म्हणजे बैलांनी ओढायची फळी, बांधीतली माती सारखी करायची. “लोडरले लावू. डबा काढू, हे बसवू.” हेमराज म्हणाला, वजन जास्त आहे, ट्रॅक्टर उलटेल. बाबा म्हणाले, “तू उलटा हायेस.” हेमराज छत्तीस वर्षांचा आहे. बाबांनी त्या दिवशी त्याला मारलं, बेल्टनं नाही, बेल्ट आता ट्रॅक्टरमध्ये आहे, हातानंच, पात्यासमोर, बायकोसमोर, आणि वहिनीनं ते मला फोनवर सांगताना आवाज इतका खाली आणला की मला वाटलं लाइन तुटली. म्हणाली, “हे आता कोनाले मारतीन?” मी म्हणालो, “वहिनी, मी रविवारी येऊनच राह्यलो.” ती हसली. बघा, ठेवलेल्या विनोदापेक्षा न ठेवलेला बरा असतो कधीकधी.

रविवारी मी गावाला गेलो तो ते एक वाक्य घेऊन. एसटीत मी त्याची तालीम केली. गडचिरोलीपुढे धानोऱ्याच्या रस्त्याला जंगल लागतं, पळस उघडे पडलेले, खाली पाचोळा इतका वाळलेला की कुणी बोललं तरी पेटेल, आणि मी खिडकीशी बसून ठरवत होतो, आधी थोडं थांबायचं, मग खाकरायचं, मग म्हणायचं, बा, इथं बर्फ कधी पडतो जी? बाबांचा चेहरा कसा होईल ते मला दिसत होतं. सुकलू कसा मांडीवर थाप मारेल. आणि हेमराज, ज्याला त्या पात्यापायी मार बसला, तो बाबांकडे कसा बघेल. मी ते हेमराजसाठी करत होतो असंही मी मला सांगितलं. अंगणात पोचलो तेव्हा सगळं मांडून ठेवलं होतं. डबा काढलेला. पातं विटांवर आणि सालईच्या ओंडक्यावर उभं केलेलं. सुकलूनं त्याच्या पाठीला कान जोडले होते. कान म्हणजे भोक पाडलेल्या जाड पट्ट्या, डावीकडं दोन, उजवीकडं दोन. लोडरच्या हातालाही टोकाशी भोक असतं. हात दोन कानांच्या मधे उतरवायचा, भोकासमोर भोक आणायचं, आणि आरपार पिन ठोकायची. काम दहा मिनिटांचं. ते सकाळी सातपासून चालू होतं आणि तोवर डावी बाजू झाली होती. “आला साहेब,” बाबा म्हणाले. “बस वर.” मी म्हणालो, बा, एक गोष्ट सांगायची होती. “आधी बस.” हेमराजनं खर्रा घोटता घोटता माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे सुपारी-तंबाखूचा हा चुरा पन्नीत घालून तळहातावर रगडतात, आणि हेमराजसारखा खर्रा पंचक्रोशीत कुणी रगडत नाही, त्याची पहिली दोन बोटं पन्नीवर अशी फिरतात की बघत राहावं. फिरायची. तो म्हणाला, “चढ बे. लिव्हर तुले समजते का? पुढं केलं का खाली, मांगं केलं का वर. लय सोपं हाय, शिकलेल्यालेबी जमते.” सगळे हसले. मी चढलो. वाक्य तोंडात होतं. मी ठरवलं, फिट झाल्यावर सांगू. पूर्ण फिट झाल्यावर जास्त मजा.

सीट इतकी तापलेली होती की मी टॉवेल घालून बसलो. इंजिन धडधडत होतं आणि ती धडधड खुब्यातून दातांत येत होती. समोर पिवळ्या पात्याची पाठ, त्यावर सुकलूच्या वेल्डिंगचे काळे डाग, आणि उजव्या कानापाशी वाकलेला हेमराज. बाबा पिन आणि घण घेऊन पलीकडं. भोकं समोरासमोर आली की नाही हे बघायला सळई घालतात, असं कुठंतरी लिहिलेलं असेल. आमच्याकडे बोट घालतात. बाबा बोट घालायचे, त्यांचे बा बोट घालायचे. बोटाला कळतं, बाबा म्हणतात, डोळ्याला फसवता येतं, बोटाला नाही. हेमराजनं पहिली दोन बोटं भोकात घातली आणि हात हलवून खुणावलं, खाली. मी लिव्हर केसभर पुढं केला. लोखंडी हात खाली आला. “आनखी.” आणखी केसभर. “लय नको, थोडा.” थोडा. मला तेव्हा एकाएकी आठवलं की मी त्याला वरून असं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या डोक्याला मधे टक्कल पडू लागलं होतं. मानेवर घामाची रेघ होती, आणि कानाखाली बाबांच्या त्या दिवशीच्या हाताची पिवळी पडत चाललेली खूण. माझ्या हातात दोन टन होते आणि माझ्याखाली कुणीतरी होतं. जन्मात पहिल्यांदा. मला चिखलाचा वास आला. खरंच आला, त्या कोरड्या अंगणात, सात, आठ, नऊ. मग हेमराज ओरडला, “बस!”

मराठीत हा काय शब्द आहे बघा. बस म्हणजे पुरे. बस म्हणजे खाली बस. पिन बसते, थापड बसते, धसका बसतो, गाडी बसते, म्हणजे बंद पडते. मला त्या एका क्षणात हे सगळं सुचलं, खाली बस, बसव, बसू दे, आणि त्यातला गमतीचा भाग इतका लख्ख दिसला की मी हसलो. आधी मी हसलो. मग हात हलला. तो आपणहून हलला की हसण्यानं हलला की कशानं, हे मी गेले चार महिने बघतो आहे. केसभरच हलला. कट्.

हेमराज ओरडला नाही. तो सरळ उभा राहिला आणि हाताकडे बघू लागला, जणू त्यात कुणाची तरी चिठ्ठी आहे. मग रक्त आलं, धार नाही, उड्या, एक, दोन, पिवळ्या पात्यावर. ओरडली वहिनी. बाबा दचकले, आणि त्यांच्या हातातली पिन पुढं सरकून सरळ भोकात गेली. आरपार. अर्धा दिवस न बसलेली पिन बसली. सुकलूनं मला सीटवरून खेचलं आणि स्वतः लिव्हर मागं घेऊ लागला, पण पिन बसली होती, त्यामुळे लोखंडाचा हात पातं घेऊनच वर उठला, अख्खं पिवळं धूड, हेमराजच्या रक्तासकट, उन्हात वर, वर, आणि त्याखाली विटेवर दोन बोटं होती. मायनं ती उचलली. फुलं उचलतात तशी, दोन्ही हातांनी. तिच्याशिवाय कुणालाही ते सुचलं नसतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर सुकलूकडे होता. फोन स्पीकरवर होता आणि आवाज तरुण, शांत. बोटं स्वच्छ कपड्यात गुंडाळा, पिशवीत घाला, तोंड बांधा, पिशवी बर्फात ठेवा, लगेच निघा. वेळेत आणली तर बघू. “बर्फ आहे ना?” डॉक्टरांनी विचारलं. सकाळपासून लाइन गेलेली होती. वहिनीच्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या कोमट होत्या. सुकलू धावत दुकानात गेला, तिथल्या पेटीत थंड पेयं उकळायला आली होती. आइसकांडीवाला बुधवारी येतो, तो रविवार होता. मीराबाई म्हणाली, पुढच्या गावात लग्न आहे, तिथं लादी असेल. कुणीतरी गाडीला किक मारली, गाडीत पेट्रोल नव्हतं. हेमराज ओट्यावर बसून होता, हाताला मायचं लुगडं गुंडाळलेलं, ते भिजत होतं. “बर्फ पाहा ना बे,” तो हळू म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही. “बर्फ पाहा कोनी.” सगळं गाव बर्फ, बर्फ म्हणत होतं, सत्तेचाळीस डिग्रीत, आणि अंगणाच्या मधोमध ट्रॅक्टरवर ते पातं उचललेलं उभं होतं, पूर्ण फिट, बर्फाची वाट बघत. आणि माझ्या तोंडात अढीत घातलेलं ते वाक्य होतं. ते मी अडवायला हवं होतं. माणूस ओकारी अडवतो तसा मी तोंडावर हात ठेवला, आणि ते हाताखालून आलंच. “बा,” मी म्हणालो, “स्नो म्हणजे बर्फ.”

बाबांना ऐकूच आलं नाही. मायला आलं. तिच्या पदरात ती दोन बोटं होती आणि तिला त्या सगळ्या वाक्यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला. ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, माझ्यामुळे तर नाहीच. आशा. “कुठी हाय?” ती म्हणाली. “कुठी हाय बर्फ, बाबू? सांग ना. कुठी हाय?”

बोटं आम्ही माठात घालून, मिळेल त्या जीपनं नेली. पिशवीत, आणि पिशवी माठाच्या पाण्यात, माठ माझ्या मांडीवर. जीप हलली की पाणी हलायचं, आणि आत काहीतरी मातीच्या भिंतीला हळूच लागायचं, टक, टक, दार वाजवल्यासारखं. डॉक्टरांनी माठात डोकावलं, मग त्यावरचं झाकण पुन्हा लावलं, नीट, सरळ करून. बाहेर कारकून नोंद घेत होता, सभ्य माणूस, त्याचा काही दोष नाही. “इजेचं कारण?” मी सवयीनं पुढं झालो. “नांगर.” “नांगरात बोट कसं जाईल?” “स्नो प्लाऊ. बर्फ ढकलायचा.” त्यानं चष्मा काढला. “इथी बर्फ पडते का जी?” “नाई.” “मंग?” मी रकाना बघत होतो. वाघ होता, साप होता, वीज होती. मागून स्ट्रेचरवरून हेमराजचा आवाज आला, थकलेला, पण साफ. “थ्रेशर लिवा साहेब. उन्हाळी धान हाय आमचं. थ्रेशर.” कारकुनानं सुटकेचा श्वास टाकला आणि थ्रेशर लिहिलं. तेव्हापासून गावात थ्रेशर, सोयऱ्यांत थ्रेशर, बाबाही थ्रेशर म्हणतात. म्हणून म्हटलं, असं काही झालेलं नाही. मतदानाची शाई डाव्या हाताच्या बोटाला लावतात, त्यामुळे लोकशाहीचंही नुकसान नाही.

ऑगस्टमध्ये मी घरी गेलो तो मार खायला. ते मी एसटीतच ठरवलं होतं, कुठं उभं राहायचं, कुठला गाल. हेमराज पडवीत डाव्या हातानं खर्रा रगडत होता. पन्नी सरकत होती, चुरा सांडत होता. मी त्याच्या हाताच्या अंतरावर बसलो. अंगणात ते पातं होतं, बाबा त्यानं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, ढकलतात, चांगलं ढकललं जातं म्हणतात, कंपनी मोठी आहे. मग तो पन्नीकडे बघत म्हणाला, “मी बस म्हन्लो होतो.” मी म्हणालो, “हो.” “तुले आयकू आलं?” पडवीच्या वाशावर एक गांधीलमाशी घर बांधत होती. मला हवं होतं की त्यानं माझं डोकं धरावं आणि कुठंतरी दाबावं, चिखलात, पाण्यात, कशातही, आणि मोजावं, कितीही. मग त्यानंच सांगितलं, एखाद्या लहान मुलाला उत्तर सुचवतात तसं. “इंजनाचा आवाज होता ना बे.” आणि मी, अर्ज लिहिणारा, शब्दाशब्दाचा माणूस, म्हणालो, “हो भाऊ. आवाज लय होता.” “हो,” तो म्हणाला. “आवाज तं होता.” त्यानं खर्रा तोंडात टाकला, उरलेला माझ्यापुढं केला, आणि डोळे मिटून म्हणाला, “आता तुले चिखलात दाबलं तं आठपर्यंतच मोजता येईन.” त्यानं आयुष्यात केलेला तो पहिला विनोद. चांगला होता. मी हसलो नाही, आणि तो माझ्या हसण्याची वाट बघत बसला, मी कायम बघतो तशी.

गुरुवारी गोळ्यानंतर मी केंद्रात परत आलो. कोपरापर्यंत लाल हात बघून इंदुताई म्हणाल्या, “कोनाले मारून आला बे?” मी म्हणालो, गोळा. हात धुतला. दुपारचं कुणी नव्हतं. मी नमुन्यांची फाइल उघडली, वाघाचा नमुना घेतला, आणि त्यातला वाघ काढून टाकला.

प्रति,
मा. हवामान अधिकारी साहेब, यांचे सेवेशी.

विषय: मागील दिनांकास बर्फ पाडून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की, अर्जदाराचे घरी बर्फ ढकलण्याचा नांगर, एक नग, ट्रॅक्टरच्या लोडरला पूर्णपणे बसविण्यात आलेला असून सुस्थितीत आहे. त्यामुळे पडलेला बर्फ बाजूला करण्याचा कोणताही भार शासनावर येणार नाही. सदर नांगर बसविताना अर्जदाराचे वडील बंधू यांनी ‘बस’ असा शब्द उच्चारला होता. इंजिनाचा आवाज होता ही बाब खरी आहे. तथापि शब्द अर्जदारास स्पष्ट ऐकू आला होता. अर्जदारास त्याचा अर्थही माहीत होता. ही बाब यापूर्वी कोणत्याही कार्यालयात नोंदविलेली नाही, कारण तसा रकाना नाही.

अर्जदाराच्या आईने बर्फ कोठे आहे अशी विचारणा केली असून तिला अद्याप उत्तर देण्यात आलेले नाही.

सबब, गेल्या मे महिन्यातील त्या रविवारी सकाळी अकरा वीस ते बारा या वेळेत आमचे अंगणात, ओट्यालगत, आईच्या हातास पोचेल अशा ठिकाणी, एक ओंजळ बर्फ पाडण्यात यावा. एक ओंजळ शक्य नसल्यास अकरा वीस ही वेळ तहकूब करून सर्वांना आपापल्या जागी, बंधूंचा हात भोकाबाहेर आणि अर्जदाराचा लिव्हरवर, पुढील आदेशापर्यंत तसेच उभे राहू देण्यात यावे, ही नम्र विनंती.